अन डोक्याला, नेस कमरेला

वालूरच्या व्यंकटराव सरांनी इंग्रजांच्या डिक्शनरीत एक शब्द घातला, अशी कुजबूज होती. पहिल्यांदा ती शाळेच्या नळापाशी ऐकू आली, मग सेलूच्या एसटीत, मग पाथरीच्या चहाच्या टपरीवर, आणि प्रत्येक मुक्कामाला थोडी थोडी फुगत गेली. सेलूला पोचली तेव्हा सरांनी लंडनला पत्र पाठवलेलं होतं. पाथरीला पोचेपर्यंत लंडनचं उत्तरही आलेलं होतं, वर लाखेचा शिक्का. सलूनवाला आश्रुबा तर शपथेवर सांगायचा की ते पाकीट त्यानं डोळ्यानं पाहिलं, तिकिटावर राणीचं तोंड होतं. आश्रुबाला जवळचं दिसत नाही, हे ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून दाढी करून घेतली त्यांना माहीत आहे.

व्यंकटराव स्वतः यावर काय म्हणायचे? काहीच नाही. कोणी विषय काढला की ते मान खाली घालायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या हो. आपण आपलं काम करत राहावं." एवढ्या नम्रतेनं माणूस गप्प बसला की लोकांना वाटतं, नक्कीच काहीतरी मोठं केलंय यानं. थापा मारायचे कष्ट व्यंकटरावांनी कधी घेतलेच नाहीत. गाव त्यांच्या वतीनं मारत होतं, तेही फुकट.

तर हा माणूस इंग्रजीचा मास्तर कसा झाला ते आधी ऐका. त्यांना शिकवायचा होता भूगोल. नकाशावर काठी ठेवून उभं राहायला त्यांना फार आवडायचं. पण शाळेत जागा निघाली इंग्रजीची, आणि बी.ए.ला तीन खेपांत का होईना इंग्रजी सुटलेलं होतं. पहिल्याच वर्षी पुस्तकात तो धडा आला: उपसर्ग आणि प्रत्यय. शब्दाच्या पुढं काय लावलं की अर्थ उलटतो, मागं काय लावलं की विशेषणाचं नाम होतं, नामाचं विशेषण होतं, विशेषणाचं क्रियाविशेषण होतं. अन, इन, इम, इर, डिस, मिस, नॉन. मागं पुन्हा नेस, मेंट, टी, शिप, हूड. व्यंकटरावांनी ती यादी पाहिली आणि त्यांना घाम फुटला. कुठल्या शब्दाला काय लागतं ते एकेक पाठ करायला हवं होतं, आणि पाठांतराचा त्यांना लहानपणापासून कंटाळा.

मग एके दिवशी घरी धोतर नेसता नेसता त्यांना साक्षात्कार झाला. नेस! अहो, नेस म्हणजे नेसायचं. इंग्रजी शब्द विशेषण असतो तेव्हा तो उघडा असतो. त्याला नाम व्हायचं असेल, चारचौघांत यायचं असेल, तर त्यानं काहीतरी नेसलं पाहिजे. काइंड नेस, डार्क नेस, गुड नेस. आणि उलटा अर्थ हवा असेल तर डोक्याला अनचा पटका. अनवाणी, अनोळखी हे आपलेच शब्द. इंग्रजांनी अन आपल्याकडूनच उचलला, असं ते छातीठोक सांगायचे. झालं. अन डोक्याला, नेस कमरेला. एवढ्या एका वाक्यावर या गृहस्थानं एकतीस वर्षं पगार घेतला.

पोरांना मात्र ते आवडायचं, हे कबूल करावं लागेल. वर्गात हशा पिकायचा.

"सर, हॅपीला नेस लावताना वायचा आय का होतो?"

"नेसताना जरा आवळावं लागतं, गाढवा!"

"अन् सर, ऑनेस्टमधला एच कुठं जातो?"

"तू 'आमी' म्हणताना ह कुठं जातो? तिथंच जातो. परभणी जिल्ह्याला एच सायलेंट करायला कोणी शिकवायची गरज नाही!"

एकदा एका पोरानं विचारलं, "सर, ट्रूचं काय? ट्रू नेस का?" व्यंकटराव अडले. पुस्तकात ट्रुथ होतं. पण अडलेलं दाखवायचं नाही, हे त्यांचं एकमेव तत्त्व. "ट्रुथ नेसत नाही," ते म्हणाले, "ते उघडंच फिरतं." वर्ग हसला, सरही हसले. आपण काय बोलून गेलो याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांना तो सहसा नसायचाच.

घरीही हेच. जेवताना ताटावर बसून म्हणायचे, "सुमंगला, आज आमटीत अनसॉल्टनेस झालंय."

त्यांची बायको सुमंगलाबाई फार न शिकलेली, पण जिभेला धार. त्या म्हणायच्या, "अहो, आधी टॉवेल सोडून धोतर नेस करा, मग आमटीला नावं ठेवा."

चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल मिळाली, त्यात सरपंच म्हणाले की डिक्शनरीत शब्द असलेला मास्तर आख्ख्या सेलू तालुक्यात दुसरा नाही. टाळ्या पडल्या. व्यंकटरावांनी मान खाली घातली, चष्मा पुसला. आठ दिवसांत घराच्या पुढच्या खोलीत क्लास सुरू झाला आणि दारावर पाटी लागली: 'इंग्रजी शब्दसिद्धी वर्ग, संचालक व्यंकटराव सर, डिक्शनरीकार'. 'डिक्शनरीकार' हे आपण सांगितलं नव्हतं, पेंटरनंच आपल्या मनानं लिहिलं, असं ते सांगत. पाटी परत मात्र पाठवली नाही. पाटीखाली ते रोज संध्याकाळी उभे राहत, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. लाल पेन दुसऱ्यांच्या चुकांसाठी. निळं स्वतःसाठी.

शाळेत त्यांच्या जागी धम्मशीला मिस आल्या. सेलूहून येणार, वेळेवर येणार, वर्गात डिक्शनरी घेऊन जाणार. व्यंकटरावांना त्यांचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. कारण मिस पोरांना सांगायच्या की प्रत्येक शब्दाची सवय वेगळी असते. ती विचारून घ्यावी लागते, लादता येत नाही. पॉसिबलला इम लागतं, रेग्युलरला इर, ऑनेस्टला डिस, आणि ऑनेस्टचं नाम करायला नेस लागत नाही, नुसता वाय लागतो. डिसऑनेस्टी. अप्रामाणिकपणा.

व्यंकटराव क्लासमध्ये हसून म्हणायचे, "पोरांनो, मिस हा इंग्रजीत उपसर्ग आहे. माहिताय ना? मिस लागली की चांगल्या शब्दाचा अर्थ बिघडतो. मिसटेक. मिसफॉर्च्यून." पोरं फिदीफिदी हसायची. हा विनोद त्यांनी चार वर्षांत किती वेळा केला याची मोजदाद नाही. ताजा राहावा म्हणून ते दर जूनला नव्या पोरांवर करत.

आता या क्लासमध्ये मंजुषा होती. मुंजाजीची पोरगी. मुंजाजी म्हणजे वालूरच्या शिवारात तीन एकर सोयाबीन करणारा, बोलायला मोठा, वाचायला जेमतेम. पोरगी मात्र हुशार. परभणीच्या एका संस्थेचं वसतिगृह होतं. अकरावी-बारावीसाठी तीस मुलींना राहणं, जेवण, शिकवणी सगळं देणार होते, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा होती. मंजुषाला ती जागा हवी होती. दुसरं काही तिनं कधी मागितलंच नव्हतं. सकाळी ती मिसच्या वर्गात बसायची, संध्याकाळी मुंजाजी तिला सायकलवर सरांच्या क्लासला सोडायचा. का? तर सरांचा शब्द डिक्शनरीत हाय.

परीक्षेत प्रश्न आला: ऑनेस्ट या विशेषणापासून उलट अर्थाचं नाम तयार करा. एक गुण.

निकाल लागला जूनच्या पहिल्या आठवड्यात. मंजुषाचा नंबर एकतिसावा. तीस नंबरवालीपेक्षा अर्धा गुण कमी. आणि निकालासोबत एक सूचना होती की उत्तराबद्दल हरकत असेल तर तीन दिवसांत पुराव्यासह अर्ज करा, सोबत डिक्शनरीचं पान जोडा.

मुंजाजीला एवढा आनंद झाला की त्यानं सायकल न घेता धावतच सरांचं घर गाठलं.

"गुरुजी! काम झालं समजा!"

व्यंकटराव ओट्यावर पेपर वाचत होते. "कशाचं काम, मुंजाजी?"

"पोरीचा एक मार्क कापलाय त्या परभणीवाल्यांनी. तुमचाच शब्द लिव्हला तिनं. अनऑनेस्टनेस! आन् चूक म्हणायलेत येडे. अन् वर म्हणायलेत, सबूत द्या. अवो, सबूत तर आपल्या शाळंच्या कपाटात हाय! तेवढं पान काढून द्या, उद्या पहिल्या गाडीनं परभणीला जातो."

व्यंकटरावांच्या हातातला पेपर खाली आला. अनऑनेस्टनेस. अन डोक्याला, नेस कमरेला, मधे ऑनेस्ट. डिक्शनरीत गेल्याची कुजबूज होती तो शब्द हाच. पंधरा वर्षं तो कपाटात झोपलेला होता आणि आज या शेतकऱ्यानं त्याला हाक मारली.

"कपाटाची किल्ली हरवलीय," ते म्हणाले.

"मिसजवळ हाय की. त्या पुस्तकांची यादी करायल्यात आज. मी इचारूनच आलो."

"वाळवी लागलीय त्या कपाटाला. पानं खाल्ली असतील."

"बघू की. एकच तर पान हवंय."

"मुंजाजी, एका मार्कासाठी कशाला एवढं? पुढच्या वर्षी..."

"गुरुजी," मुंजाजी म्हणाला आणि त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला, "पुढच्या वर्षी ती बारावीला आसंल. जागा ह्याच वर्षी हाय."

उठावं लागलं. रस्त्यानं जाताना व्यंकटराव मनातल्या मनात वाळवीची प्रार्थना करत होते. वाळवीनं आजवर शाळेचे बाक खाल्ले, नकाशे खाल्ले, त्यांच्या लाडक्या भूगोलाची काठीसुद्धा खाल्ली. तिनं एवढं एक पान खाल्लेलं असावं, यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं. मुंजाजी पुढं चालत भेटेल त्याला सांगत होता, "चला, गुरुजीचा शब्द बघायला चला!" आश्रुबा सलूनमधून वस्तरा हातात घेऊनच बाहेर पडला. आत खुर्चीवरचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी मागं आलं.

ग्रंथालयात धम्मशीला मिस आणि मंजुषा होत्या. मंजुषाजवळ निकालासोबत आलेली उत्तरपत्रिकेची झेरॉक्स होती, मिस ती बघत होत्या. व्यंकटरावांना पाहून मिस उभ्या राहिल्या. मान द्यायच्या बाबतीत त्या काटेकोर होत्या.

"या सर. बसा."

"बसायला वेळ नाही, बाई. घाई आहे," व्यंकटराव म्हणाले. घाई परत जायची होती.

मिसनी डिक्शनरी काढली. जाड, पाठीला पट्टी चिकटवलेली. वाळवीनं पुठ्ठा खाल्ला होता, शब्द सगळे शाबूत ठेवले होते. पानं उलटत उलटत त्या यू अक्षरावर आल्या आणि बोट फिरवत थांबल्या.

"घावला का?" मुंजाजीनं विचारलं.

"आहे," मिस म्हणाल्या.

"बघा! म्या म्हनलं न्हाई?" मुंजाजी वाकला. त्याला इंग्रजी अक्षर ओळखू येत नव्हतं. पण तो बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "मिस, बाकी समदं काळं हाय. ह्ये एकच निळं कसं?"

आश्रुबा पुढं झाला, पुस्तक हातभर लांब धरलं आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं काहीतरी खरोखर डोळ्यानं पाहिलं. "ही तर पेनाची शाई हाय की!"

व्यंकटरावांनी चष्मा काढला. तो स्वच्छच होता, तरी पुसला. "डिक्शनरीत एखादा शब्द राहून गेला असेल," ते म्हणाले, "तर जाणकारानं त्यात भर घालायची असते. त्यात चूक काय?"

मुंजाजीनं त्यांच्याकडं पाहिलं. अंगावर धावला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसता म्हणाला, "गुरुजी, सातबाऱ्यावर मी माझं नाव असं कडंनं हातानं लिव्हलं असतं न, तर आज आतमधी असतो."

"तसं नाही मुंजाजी, भाषा वाढत असते..."

"वाढू द्या. माझी पोरगी हितंच राहिली त्याचं बोला."

तेव्हा मिसनी झेरॉक्स टेबलावर ठेवली. उत्तराच्या जागी एक शब्द खोडलेला होता, नीट एका रेघेनं, आणि त्यापुढं अनऑनेस्टनेस लिहिलेलं होतं. रेघेखालचा शब्द सहज वाचता येत होता. डिसऑनेस्टी.

"मंजुषा, हे आधी लिहिलं होतंस?" मिसनी विचारलं.

"हो मिस. मग वाटलं, तुमचा शब्द तुमी सांगितलेला. सरांचा तर डिक्शनरीत हाय." ती सरांकडं बघत नव्हती, पुस्तकाकडं बघत होती. "म्हणून खोडलं."

"खोडलेलं धरत न्हाईत का?" मुंजाजीनं हळूच विचारलं.

"नाही दादा. शेवटचं धरतात."

व्यंकटरावांना या क्षणी काय वाटलं असेल? तुम्ही म्हणाल, पोरीची कीव आली असेल, भुई दुभंगावी असं झालं असेल. छे. त्यांना वाटलं, आश्रुबा आता हे कुठं कुठं सांगेल. त्यांनी मनात हिशेब लावला: सेलूला संध्याकाळपर्यंत, पाथरीला उद्या. हिशेब चुकला. पाथरीला त्याच दिवशी दुपारी पोचलं.

हरकतीचा अर्ज गेला नाही. मिसनी संस्थेला फोन केला, विनंती केली. तिकडच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि यादी लागलेली असल्याचं सांगितलं. तिसांतली एकही मुलगी गळली नाही. मंजुषानं सेलूच्या कॉलेजात नाव घातलं. आता ती रोज सकाळी सातच्या एसटीनं जाते, तिन्हीसांजेला परत येते. स्टँडचा रस्ता व्यंकटरावांच्या ओट्यापुढून जातो. ती दिसली की ते पेपर वर धरतात. एकदा तर सुमंगलाबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "अहो, पेपर उलटा धरलाय."

क्लासला आता चार पोरं येतात. पाटीवरचं 'डिक्शनरीकार' त्यांनी चुन्यानं पुसलं, पण पेंटरनं लाल रंग इमानदारीनं दिलेला, तो चुन्यातून अजून वाचता येतो. गावानं त्यांना नवीन नाव दिलं: समासमास्तर. पानाच्या कडेला सोडलेली कोरी जागा म्हणजे समास, आणि तिथं शब्द लिहिणारा तो समासमास्तर. व्यंकटरावांनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, व्याकरणातला समास. इंग्रजी गेलं तरी मराठी व्याकरणात आपला अधिकार लोक मानतात तर. त्यांनी मान खाली घातली, चष्मा पुसला. अजूनही कोणी तसं म्हटलं की नम्रपणे हसतात. सुमंगलाबाईंना खरा अर्थ माहीत आहे. त्या सांगत नाहीत. एवढीच काय ती करमणूक त्यांना त्या घरात आहे.

राहिली ती कुजबूज. लंडनला पत्र गेलेलं नव्हतं आणि लंडनहून आलेलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी शाळेची तपासणी होती. व्यंकटरावांनी फळ्यावर अनऑनेस्टनेस लिहिलेलं साहेबांनी पाहिलं आणि असा शब्द नाही म्हणाले. डिक्शनरीत आहे, आणून दाखवतो, असं सांगून व्यंकटराव ग्रंथालयात गेले आणि अर्ध्या तासानं पुस्तक घेऊन आले. तोवर साहेब जेवायला बसले होते. त्यांनी लांबूनच पाहिलं, बरं म्हणाले आणि पोळी मागितली. तो शब्द पान नऊशे बारावर, अनहोली आणि अनहुक यांच्या मधे, समासात, निळ्या शाईत आहे. अक्षर व्यंकटरावांचं आहे. शेवटी एस एकच आहे, दुसऱ्याला जागा उरली नव्हती.